ग्लेनारातील उपऱ्या गोष्टींची यादी

सोमवार, ८ ऑगस्ट १९८८

आलो एकदाचा! होबार्टहून विमान, सिडनीत आगगाडी, ॲशफील्ड स्टेशनपासून बॅग घेऊन पंधरा मिनिटं पायपीट, तरी स्वारी खुशीत आहे. नगरपालिकेला जुन्या घरांचा सल्लागार हवा होता आणि त्यांनी मला निवडलं. सध्या हंगामी. 'ग्लेनारा' या घराचा अहवाल समितीला पटला की नेमणूक कायम. सेहेचाळिसाव्या वर्षी डेंझिल क्रॉथरला हक्काची खुर्ची मिळणार, तीही अशा गावात जिथे जुनं घर म्हणजे काय हे मोजून तीन माणसांना कळतं. त्यातली दोन बहुधा वारलेली असावीत.

राहायची सोय ग्लेनारातच केली आहे. ही कल्पना नगरपालिकेतल्या नॉरीन प्राइसबाईंची. हॉटेलचा खर्च वाचतो आणि मालकिणीला सोबत होते, म्हणे. मी कुणाच्या सोबतीला आलेलो नाही, पण असो.

घर मात्र बघत राहावं असं आहे. सगळ्या वसाहतींचा मिळून एक देश झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०२ साली, टॉमलिन नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याने बांधलं. लाल विटा, सांध्यांत दोऱ्यासारखी पांढरी रेघ. फ्रेंच कौलांचं उतरतं छप्पर, त्याच्या कण्यावर भाजक्या मातीचा पंखवाला राक्षस. ओसरीला करवतीने कातलेली लाकडी जाळी, वर त्रिकोणात उगवता सूर्य. दाराच्या रंगीत काचेत वाराटाहची लाल फुलं. आणि त्याच्या शेजारी काय? ॲल्युमिनियमच्या खिडक्या! मागे सिमेंटच्या पत्र्यांची एक खोली अशी चिकटवलेली, की गालावर गळू यावं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मालकीण मिस ॲव्हिस टॉमलिन, त्या व्यापाऱ्याची मुलगी. वय एकोणऐंशी, लग्न केलेलं नाही, स्वेटरच्या कोपराला रफू. पहिल्याच वाक्यात मला 'राजा' म्हणाल्या. घर एकदा वारसा-यादीत गेलं की बिल्डर लोक दाराशी येणार नाहीत आणि मला इथेच सुखाने डोळे मिटता येतील, एवढं कर रे राजा, असं त्यांचं म्हणणं. जेवायला खारवलेल्या मांसाचं सँडविच होतं. स्वयंपाकघराच्या जमिनीवर अंथरलेल्या लिनोलियमबद्दल त्या वीस मिनिटं बोलल्या. मी सँडविच खाल्लं.

मंगळवार, ९ ऑगस्ट

कामाला सुरुवात. पद्धत सोपी आहे. घरातली प्रत्येक गोष्ट तपासायची आणि तिला दर्जा द्यायचा: अनमोल, महत्त्वाची, चालण्याजोगी, किंवा उपरी. उपरी म्हणजे मागाहून घुसलेली, काढून टाकावी अशी. जी राखायची तिच्यासाठी मात्र निवेदन लिहावं लागतं: ही का महत्त्वाची, कोणाला महत्त्वाची, ती नसेल तर काय उणं पडेल. निवेदन नसेल तर समिती दर्जा मानत नाही. उपरं ठरवायला एक शब्द पुरतो. या धंद्यातली मला सगळ्यात आवडणारी हीच गोष्ट.

आज यादीत चढवलेली उपरी: एक, दिवाणखान्याच्या खिडक्या. दोन, स्वयंपाकघरातलं लिनोलियम, साल १९५४. तीन, न्हाणीघरातला हात धरायचा दांडा, जो कुणी तरी सुंदर जुन्या फरशा फोडून बसवला आहे. हे 'कुणी तरी' म्हणजे मिस टॉमलिनचा दिवंगत भाऊ वॉली. वॉलीने या घराचं जेवढं वाटोळं केलं तेवढं वाळवीलाही जमलं नसतं. बाई त्याचं कौतुक सांगत होत्या. मी दार लोटून घेतलं.

बुधवार, १० ऑगस्ट

सकाळी नगरपालिकेत जुने नकाशे पाहिले. तिथला कारकून नकाशाची गुंडाळी धरतो तशी कुणी झाडूही धरू नये. दुपारी परत आलो तर दिवाणखान्यात ॲल्युमिनियम नाही! लाकडी चौकटी, वरच्या तावदानात हिरवी-पिवळी काच. लांबी वाळून दगड झालेली, रंगाला भेगा. नव्या नव्हेत, मूळच्या.

अर्थ उघड आहे. म्हातारीने त्या पोटमाळ्यावर जपून ठेवल्या असणार आणि मी बाहेर असताना सुतार बोलावला असणार. विचारलं तर म्हणाल्या, अरे खिडक्या आधीपासून अशाच आहेत ना? मग कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. वॉलीने काही तरी केलं होतं रे... नाही, काही नसेल. साठी बुद्धी नाठी म्हणतात, इथे तर ऐंशी आली.

गुरुवार, ११ ऑगस्ट

लिनोलियम गेलं. खाली कौरीच्या लाकडाच्या फळ्या, खिळ्याचं एक भोक नाही, डिंकाचा डाग नाही. आणि न्हाणीघरातला दांडाही गेला. फुटलेल्या फरशा अखंड.

तो गेल्याचं कळलं कारण मिस टॉमलिन टबातून उठताना पडल्या. मनगट सुजलं आहे. शेजारच्या मिसेस सिमिओनी बर्फ घेऊन धावत आल्या. त्या इटालियन बाई चौतीस वर्षं इथे राहून अजून हातांनीच बोलतात. मला म्हणाल्या, तू घरात होतास ना, मग काय भिंतीशी गप्पा मारत होतास? मिस टॉमलिन म्हणाल्या की हात आपोआप भिंतीकडे गेला, काही तरी धरायला, आणि तिथे धरायला काहीच नव्हतं. दांडा त्यांना आठवत नाही. मला आठवतो, कारण यादीत माझ्या अक्षरात लिहिलेला आहे.

हे सुताराचं काम नव्हे. यादीच्या क्रमाने एक एक गोष्ट जाते आहे, आणि जिथून जाते तिथे १९०२ परत येतं. घाबरायला हवं, असं सामान्य माणूस म्हणेल. मी तीन वेळा सगळं तपासलं आणि मला हसूच आलं. वीस वर्षं मूर्ख गवंड्यांशी हुज्जत घातली, आज पहिल्यांदा माझं म्हणणं नीट वाचणारं कोणी तरी भेटलं.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

चार, पत्र्यांची खोली. पाच, विजेची बटणं. सहा, ओसरीवरचा हिरवा रंग. लिहिता लिहिता हात दुखला.

अकरा वाजता मिस टॉमलिन एका हाताने चहाचा ट्रे सावरत आल्या आणि माझ्या खांद्यावरून यादी वाचू लागल्या. मग हसून म्हणाल्या, अरे, मग माझं काय? मी तर नऊ सालची, त्या पुढच्या खोलीतच जन्मले. मीसुद्धा तुझ्या यादीतल्या खिडक्यांसारखीच की! मलाही विनोद सुचतो. त्यांच्यादेखत लिहिलं: सात, मिस ॲव्हिस टॉमलिन, १९०९ ची भर, उपरी. हसता हसता त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, डँबिस आहेस. मग लहानपणीचं काही सांगायला लागल्या, घोडा की गाडी. मी म्हटलं, मिस टॉमलिन, मला काम आहे. बरं बरं, म्हणाल्या आणि दार हळूच ओढून गेल्या.

शनिवार, १३ ऑगस्ट

पत्र्यांची खोली गेली! तिच्यातलं शिलाई यंत्र, रेडिओ, लोकरीची टोपली, सगळ्यासकट. मागच्या ओसरीचे मूळ खांब मोकळे झाले. उन्हात उभा राहून पाहत होतो. असं घर या शहरात दुसरं नसेल. बटणं गेली, हिरवा रंगही गेला.

एक एक वस्तू लिहीत बसायचा कंटाळा आला आहे, म्हणून शेवटची ओळ घातली: आठ, १९०२ नंतर या वास्तूत आलेले सर्व. समितीपुढे हे एक वाक्य वाचलं की पुरे. मिस टॉमलिन दुपारभर मागच्या ओसरीवर उभ्या होत्या. काय शोधता विचारलं, तर म्हणाल्या, तेच आठवत नाही रे राजा.

रविवार, १४ ऑगस्ट

सकाळी नऊला स्वयंपाकघरात किटली उकळत होती. कप एकच. वाटलं, बाई चर्चला गेल्या. किटली उकळत उकळत कोरडी झाली तेव्हा मी उठलो.

त्यांच्या खोलीचं दार उघडलं. पलंग नाही, कपाट नाही, सपाता नाहीत. खोली रिकामी, आणि भिंतीला १९०२ चा कागद, निळ्या पोपटांचा, नवा कोरा. खरं तेच लिहायचं तर लाज वाटते. मी आधी कागद पाहिला. कड बोटाने तपासली. किती सुरेख टिकला आहे, असं मोठ्याने म्हणालो. म्हातारी कुठे आहे हे मग मनात आलं. यादीतला सातवा आकडा तर त्याहीनंतर.

घरभर हाका मारल्या. बागेत, पोटमाळ्यावर, पोपटांच्या खोलीत पुन्हा. घरात लॅव्हेंडरचा वास असायचा, त्यावर मी नाक मुरडायचो. तोही नाही.

सोमवार, १५ ऑगस्ट

रबराने सातवी ओळ खोडली. कागद भुरभुरला, अक्षरं तशीच. यादीच फाडून जाळली. माझ्या लिहायच्या फळीवर दुसरा कागद होता, तीच यादी, माझंच अक्षर.

मिसेस सिमिओनी कुंपणाशी आल्या. हातात निळ्या काठाची बशी. म्हणाल्या, ही इथली वाटते, पण कुणाची ते काही आठवेना बाई, या घरात तर कुणी राहतच नाही ना? बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, बघ, काही कारण नसताना रडू येतंय, वय झालं माझं. मी म्हटलं, मिस टॉमलिनची. त्या बशी उलटी करून नाव शोधू लागल्या.

नॉरीन प्राइसला फोन केला. आठवडाभर ही बाई रोज मला अहवाल कधी, अहवाल कधी म्हणून पिडत होती. आज म्हणाली, ग्लेनारात आम्ही कुणाला पाठवलेलंच नाही, सल्लागाराची जागा अजून रिकामी आहे, अर्ज करायचाय का? मी माझं नाव सांगितलं. तिने स्पेलिंग विचारलं.

आठवी ओळ. मीसुद्धा १९०२ नंतरच आलेलो आहे.

मंगळवार, १६ ऑगस्ट

फोन नाही. फ्रिज नाही. दिवे नाहीत, छताला गॅसच्या नळीचं तोंड आहे. जिथे फ्रिज होता तिथे फळीवर ओरखडासुद्धा नाही.

बॅग भरून निघालो. हो, पळालो! स्टेशनपर्यंत बॅग हलकी होत गेली. उघडली तर रिकामी. तिकीटवाल्याला तीनदा सांगितलं, सेंट्रलचं एक. तो माझ्यातून आरपार पलीकडच्या बाईला म्हणाला, बोला. मी तिच्या दंडाला धरलं. तिने डास बसावा तसा हात झटकला.

परत आलो. दुसरीकडे कुठे जाणार? जे बिघडलं ते या लिहायच्या फळीवरच्या कागदावर बिघडलं.

चष्मा गेला आहे. मोठी अक्षरं काढून लिहितो. दाढांत भरलेली चांदी गेली, जीभ सारखी भोकांत जाते.

बुधवार, १७ ऑगस्ट

डाव्या हाताची करंगळी नाही. जखम नाही, वण नाही. तळहाताची कड सरळ उतरते, जणू तिथे कधी बोटच नव्हतं. दुखत नाही. दुखायला हवं होतं.

विचार केला. उपरं खोडता येत नाही, पण दर्जा बदलता येतो. तो मार्ग आमच्या नियमात आहे. निवेदन लिहायचं. का महत्त्वाची, कोणाला, नसेल तर काय उणं. आधी तिचं. मी घालवली, मीच आणीन.

लिहायला बसलो: मिस ॲव्हिस टॉमलिन, दर्जा अनमोल. निवेदन —

काय लिहू? ही रोजनिशी उलटी चाळली. वॉलीचं कौतुक. मी सँडविच खाल्लं. मी दार लोटलं. घोडा की गाडी. वीस मिनिटं लिनोलियम, आणि त्यातलं एक वाक्य मला माहीत नाही! सहा दिवस म्हातारी सांगत होती आणि मी भिंती ऐकत होतो. मूर्ख. वॉलीला वाळवी म्हणालो, वाळवी मी.

लिहिलं: सँडविच चांगलं करायच्या. ओळ कागदावरून पुसली गेली. पुरेशी नाही.

गुरुवार, १८ ऑगस्ट

कुंपणाशी उभा राहून ओरडलो. मिसेस सिमिओनी कपडे वाळत घालत होत्या. मला पाहू शकत नाहीत, माझ्या मागच्या झाडाकडे बघतात. पण खूप ओरडलं तर ऐकू जातं, लांबच्या रेडिओसारखं.

रात्रभर आठवून म्हातारीच्या बोलण्यातला एकच तुकडा हाती लागला होता, 'शेजारणीची शिकवणी'. विचारलं, इंग्रजी वाचायला तुम्हाला कुणी शिकवलं?

हातातला चिमटा तसाच राहिला. म्हणाल्या, कुणी तरी... एक टेबल होतं. वर्तमानपत्र. चुकले की चमच्याने टेबलावर टक् करायची. कोण गं ती? नवरा गिरणीत, मी पोटुशी, शब्द कळेना, दुकानात लोक हसायचे. आणि ती रोज दुपारी हाक मारायची, ये गं, आज मृत्युलेख वाचू, त्यात शब्द सोपे असतात. सुटीला भाऊ आला की तो काही तरी ठोकत बसायचा, बहीण पडू नये म्हणून. पायाखाली गार, नवं नवं... तुकडे तुकडे होते, लाल आणि पिवळे. तिने पैसे साठवून घातलं होतं, फळ्यांवर पोरांना काटे लागतात म्हणून. सगळ्या गल्लीची पोरं होती गं तिथे. तिची स्वतःची एक नाही.

टोपली खाली ठेवून त्या रडल्या. कुणासाठी ते त्यांना माहीत नव्हतं.

लिहिलं. सगळं लिहिलं. उजव्या हाताची तीन बोटं आहेत, पेन्सिल धरता येते. कोणाला महत्त्वाची: या गल्लीला. नसेल तर काय उणं: एक बाई कुंपणाशी रडते आणि का ते तिला कळत नाही.

ओळी पुसल्या गेल्या नाहीत.

शुक्रवार, १९ ऑगस्ट

लॅव्हेंडर.

सपातांचा आवाज. किटली. त्या आल्या — स्वेटर, रफू, मनगटाला पट्टी. पायाखाली लाल-पिवळं लिनोलियम. किती कुरूप आहे. किती —

मला त्या पाहू शकतात, पण ओळखत नाहीत. म्हणाल्या, गॅसवाला का रे राजा? बस, चहा टाकते. तुझ्या हाताला काय झालं?

कोपरापासून डावा हात नाही. त्यांनी आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली. शाल खाली पडली. पुन्हा टाकली.

सगळं सांगितलं. यादी दाखवली. सातवं वाचलं, माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. पेन्सिल हातात घेतली, म्हणाल्या, मग तुझंही लिहायला हवं लवकर. माझं अक्षर चांगलं आहे. सांग.

नाव सांगितलं. त्यांनी लिहिलं: डेंझिल क्रॉथर, दर्जा अनमोल. निवेदन.

थांबल्या. म्हणाल्या, मी तुला आज पहिल्यांदा बघतेय राजा, तूच सांग. कोणाला महत्त्वाचा? बायको? म्हटलं, सोडून गेली, चूक तिची — नाही. तेही नाही. मित्र? आईला पत्र लिहितोस का? आई आहे होबार्टला, वृद्धाश्रमात, चार वर्षं मी —

ते नको, म्हणाल्या, दुसरं सांग. एक छोटीशी गोष्ट चालेल. कुणाला कधी काय दिलंस? कुणी तुझी वाट पाहिली असेल, तेवढंही चालेल.

पाय दिसत नाहीत. ही वही मांडीवर आहे, मांडी — टेबलावर घेतली.

त्या वाट पाहतात. पेन्सिल टेकवून. घाई करत नाहीत. चहा ओतला, दोन कप. सुचेल रे, म्हणतात, सगळ्यांना काही तरी असतंच.

मी काढून टाकलेलं सगळं आठवतं. हजारो. सालासकट. राखलेलं —

एक होतं. लहानपणी एकदा — कुत्र्याला वाचवलं — नाही, वाचवणारा माझा भाऊ होता. मी नुसता पाहत —

बोल राजा, म्हणतात, लिहायला घेतलंय मी. मी महत्त्वाचा आहे, कारण मी —